सर्दी कोणाला झाली, ते आधी पाहा

शाळा उघडल्या, पाऊस लागला, की आठ-पंधरा दिवसांत घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होतात. क्रमही बहुतेक ठरलेला असतो. बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत जाणारं पोर नाक गळत घरी येतं, मग आई, मग बाबा आणि आठवड्याभरात आजी-आजोबा. घरात तान्हं बाळ असेल तर तेही सुटत नाही. सगळ्यांच्या अंगात शिरलेला विषाणू एकच असतो. पण शाळकरी पोर तिसऱ्या दिवशी अंगणात खेळायला पळतं, बाबा अंग मोडून आलं म्हणून दोन दिवस पडून राहतात, तान्ह्याला ऑक्सिजन लावायची वेळ येते आणि आजोबा ताप नसतानाही भ्रमिष्टासारखं बोलायला लागतात.

अशा वेळी घरचे विचारतात, "हा कुठला व्हायरस आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण घरच्या घरी काय करायचं हे ठरवायला त्याच्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. रायनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, अडेनोव्हायरस, करोना, ह्युमन मेटान्यूमोव्हायरस म्हणजे एचएमपीव्ही या सगळ्यांची सुरुवात नाक, घसा आणि खोकल्यानेच होते आणि नुसत्या लक्षणांवरून त्यांची नावं सांगता येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी लोक किती धास्तावले होते ते आठवून पाहा. नाव नवं वाटलं म्हणून ती भीती होती. प्रत्यक्षात हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि साठवलेले जुने रक्तनमुने तपासल्यावर दिसलं, की त्याआधी किमान पन्नास वर्षं तो माणसांत वावरत होता. आपल्यापैकी बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेला आहे.

म्हणून प्रश्न बदलू या. सर्दी कोणाला झाली आहे? वय किती? आधीचं दुखणं कोणतं? काळजी केव्हा करायची, औषध काय द्यायचं आणि दवाखान्यात कधी धावायचं, ही तिन्ही उत्तरं यावर ठरतात.

तान्हं बाळ

सगळ्यात जास्त जपायचं ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. कारण साधं, शरीररचनेचं आहे. बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नळीचा व्यास निम्मा झाला तर तिच्यातून हवा जायला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला जी थोडीशी सूज कळतही नाही, तीच सूज बाळाला धाप लावते. शिवाय पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, दूध गेलं नाही की अंगातलं पाणी कमी होतं आणि बाळ मलूल पडतं.

या वयातला मोठा शत्रू आरएसव्ही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना तो एकदा तरी होतो. बहुतेकांना सर्दीवरच निभावतं, पण काहींमध्ये तो खाली उतरून बारीक श्वासनलिकांना सूज आणतो. याला डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणतात. त्याचा एक स्वभाव आईवडिलांनी लक्षात ठेवावा. पहिले दोन दिवस साधी सर्दी वाटते आणि त्रास वाढतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी "छाती साफ आहे" असं सांगितलं असेल, तरी चौथ्या दिवशी बाळ धापा टाकत असेल तर पुन्हा जायचं. 'कालच तर दाखवलं' म्हणून थांबायचं नाही. नवव्या महिन्याच्या आत जन्मलेली, कमी वजनाची आणि जन्मतः हृदयात दोष असलेली बाळं यात जास्त अडचणीत येतात. अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात कधी कधी खोकला नसतोच. श्वास मध्येच काही सेकंद थांबतो, एवढंच दिसतं. असं दिसलं तर वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं.

धाप लागली आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी उपकरण लागत नाही. श्वास मोजता आले पाहिजेत. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, त्याचं झबलं वर करा. पोट आणि छाती उघडी दिसली पाहिजे. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट वर आलं की एक, असं पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळांचा श्वास सारखा नसतो, मध्येच भराभर आणि मध्येच संथ चालतो, त्यामुळे गुणाकार फसवतो. रडत असताना किंवा दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर तो वेगवान श्वास. थोड्या वेळाने पुन्हा एकदा मोजा. आकडा तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

हे मोजमाप आपल्या महाराष्ट्रात फार मोठ्या कामाला आलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेलं श्वासमापक तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू या कामामुळे कमी झाल्याचं त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या दाईला जे जमलं, ते मोबाइल हातात असलेल्या आईबाबांना नक्की जमेल.

श्वासाबरोबर आणखी चार गोष्टी पाहा. श्वास घेताना छातीच्या खालच्या बरगड्या आत ओढल्या जातात का? खेड्यात याला 'पोट उडतंय' म्हणतात आणि आजीबाईंची नजर ते बरोबर टिपते. नाकपुड्या फुलतात का? बाळ कण्हतंय का? दूध नेहमीच्या निम्म्याहून कमी गेलंय का, सहा-आठ तासांत लंगोट ओला झालेला नाही असं आहे का? यातलं एकही असेल तर घरी थांबू नका. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर क्षणाचाही विचार नको. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर बाकी काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. या वयात ताप 'बघू उद्या' म्हणण्यासारखा नसतो.

आता घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो. बाळाला धुरी देऊ नका. ओवा असो, शेपा असो, धूप असो, धूर तो धूरच आणि सुजलेल्या श्वासनलिकांना तो आणखी आवळतो. नाकात तेलाचे थेंब सोडू नका. ते तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर किंवा निलगिरीचा वास असलेले मलम दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाजवळ आणि छातीवर नको. उकळत्या पाण्याची वाफ लहान मुलांना देऊ नका. पातेलं उलटून भाजलेली मुलं दर हंगामात रुग्णालयात येतात. वर्षाच्या आत मध नाही, चाटण म्हणूनही नाही. मेळघाटात आजही अधूनमधून पोट उडणाऱ्या बाळाच्या पोटावर चटके दिल्याच्या घटना उघडकीला येतात. तिथल्या आईला दोष देऊन काही होणार नाही. तिच्यापर्यंत आशाताई आणि गाडी वेळेत पोहोचली पाहिजे.

मग करायचं काय? औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे, म्हणजे साध्या मीठपाण्याचे नाकातले थेंब. दूध पाजण्याआधी दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घाला आणि मऊ कापडाने नाक पुसा. दूध थोडं-थोडं, पण जास्त वेळा. आईला सर्दी असली तरी अंगावरचं दूध थांबवायचं नाही. तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं त्याच दुधातून बाळाला मिळतात. तिने मास्क लावावा, हात धुवावेत आणि पाजावं.

खोकल्याच्या बाटलीबद्दल एक आवर्जून सांगतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. त्यांतली काही मुलं उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. पण भेसळ नसती, तरी ही औषधं इतक्या लहान मुलांना उपयोगाची नाहीतच. खोकला कमी होत नाही आणि गुंगी मात्र येते. वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा चमचा मध हा त्याहून चांगला उपाय आहे.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसं. पण बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. हेच औषध दर पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतं. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे आठ किलोच्या मुलाला १२० च्या बाटलीतलं पाच मिलिलिटर, पण २५० च्या बाटलीतलं जेमतेम अडीच मिलिलिटर आणि थेंबांच्या बाटलीतलं सव्वा मिलिलिटरहूनही किंचित कमी. थोरल्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला 'एक झाकण' म्हणून दिली की दुप्पट औषध जातं. दोन मात्रांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचं औषध नकोच.

शाळकरी मुलं आणि धडधाकट मोठी माणसं

बालवाडीच्या वयातल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे. पावसाळ्यात आणि थंडीत ती इतकी पाठोपाठ येते, की आईला वाटतं मूल सतत आजारीच असतं, प्रतिकारशक्ती कमी आहे. मूल मधल्या काळात खेळत असेल, वजन वाढत असेल, तर काळजीचं कारण नाही आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकचीही गरज नाही. मात्र ही मुलं स्वतः लवकर बरी होतात आणि घरातल्या इतरांना विषाणू देत राहतात. फ्लूचा विषाणू मोठ्यांच्या नाकातोंडातून साधारण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस बाहेर पडतो, लहान मुलांच्या त्याहून जास्त दिवस. ताप असलेल्या मुलाला गोळी देऊन शाळेत पाठवणं म्हणजे वर्गातल्या तीस घरांतल्या आजी-आजोबांपर्यंत तो पोहोचवणं. नोकरी करणाऱ्या आईबापांची अडचण मला ठाऊक आहे. शाळांनीच हजेरीची बक्षिसं बंद करून ही अडचण हलकी करायला हवी.

धडधाकट तरुण आणि मध्यमवयीन माणसाला विश्रांती, पाणी, तापाची गोळी आणि मीठपाण्याच्या गुळण्या एवढं पुरतं. सर्दी सात ते दहा दिवस राहते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण आपल्याकडे "दोन दिवसांत उभं करा, सुई द्या, सलाइन लावा" अशी घाई असते आणि तिच्यापोटी पाच दिवसांचं अँटिबायोटिक घेतलं जातं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हा समजही चुकीचा आहे. विषाणूंच्या साध्या सर्दीतही शेवटी शेवटी कफ तसाच होतो. मागच्या वेळच्या चिठ्ठीवर दुकानातून अझिथ्रोमायसिन आणणारे आज ना उद्या खऱ्या न्यूमोनियात तेच औषध निकामी झालेलं पाहतात.

दोन प्रसंगी मात्र या वयाच्या माणसानेही सावध व्हावं. एक, ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पाचव्या-सातव्या दिवशी थंडी वाजून तो पुन्हा चढला. फ्लूच्या पाठीवर जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो आणि तिथे अँटिबायोटिक खरोखर लागतं. दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. ताप आणि अंगदुखी जबर आहे, पण नाक, घसा, खोकला काहीच नाही. हा ताप डेंग्यूचा किंवा लेप्टोचा असू शकतो, म्हणून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्त तपासून घ्या. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी कफाची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

गरोदर स्त्री

तरुण म्हणजे सुरक्षित, हा नियम फ्लूने पूर्वी मोडलेला आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यांत वीस ते चाळीस वयाची माणसं फार होती. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या शाळकरी मुलीचा. त्या साथीत म्हातारी माणसं तुलनेने कमी सापडली, कारण १९५७ च्या आधी तशाच फ्लूशी गाठ पडल्याने त्यांच्या अंगात थोडीफार ढाल होती. आणि दोन्ही साथींत गरोदर स्त्रिया ठळकपणे जास्त गंभीर झाल्या.

गरोदरपणात वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते, हृदयावरचं काम वाढलेलं असतं आणि प्रतिकारशक्तीची घडण बदललेली असते. म्हणून गरोदर स्त्रीला ताप आणि खोकला एकत्र आला, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं आणि गरोदरपणात ते देता येतं. 'पोटात बाळ आहे, औषध नको' म्हणून ताप अंगावर काढण्यात बाळाचं हित नाही. जास्त ताप बाळालाही बाधतो.

फ्लूची लस गरोदरपणात सुरक्षित आहे आणि तिचा दुहेरी फायदा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, पण आईने घेतलेल्या लशीची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. महाराष्ट्रात सरकारी यंत्रणेने गरोदर स्त्रियांना तसंच मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत दिलेली आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

आजी-आजोबा

साठी-पासष्टीच्या पुढे आजाराचं रूपच बदलतं आणि घरचे चुकतात ते इथे. तापमापी ९८ दाखवते, म्हणून सगळं ठीक असं समजलं जातं. म्हाताऱ्या शरीराला अनेकदा ताप चढवण्याइतकी ताकदही नसते. त्यांचा न्यूमोनिया दुसऱ्याच वाटेने बोलतो. कालपर्यंत स्वतः चहा करून घेणारी आजी आज उठायला नको म्हणते. जेवणावरची वासना जाते. रात्री उठताना तोल जातो. सकाळी विचारते, "आज शनिवार का?" आणि दुपारी मुलीला सुनेच्या नावाने हाक मारते. वय झालं म्हणून असं होतं, असं म्हणून सोडून देऊ नका. वय एका रात्रीत होत नाही. दोन दिवसांत बदललेलं वागणं हे आजाराचं लक्षण समजा आणि डॉक्टरांना नेमके हेच शब्द वापरून सांगा: परवापर्यंत अशा होत्या, कालपासून अशा आहेत.

सर्दीचा हृदयाशी असलेला संबंध फार कमी लोकांना माहीत आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होतं. सूज आली की रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ठोके वाढतात, ऑक्सिजन कमी पडतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला हे पेलवत नाही. म्हणून आजोबांना फ्लू झाला की रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची नेहमीची औषधं चालूच ठेवायची. 'एवढ्या गोळ्या कशाला, आधी ताप जाऊ दे' असं म्हणून ती मनाने बंद करू नका. छातीत दडपण आलं तर ते खोकून खोकून दुखतंय असं धरून चालू नका.

औषधाच्या दुकानातली सर्दीची गोळी म्हाताऱ्या माणसाला देताना थांबा. तिच्यात नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते रक्तदाब वाढवतं. वाहतं नाक थांबवणारं जे असतं त्याने झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि रात्री उठताना पडायला होतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची त्याने लघवी तुंबते आणि मग मध्यरात्री नळी घालायला न्यावं लागतं. शिवाय अशा बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून तापाची वेगळी गोळी दिली की दुहेरी मात्रा होते. त्यांना साधी पॅरासिटामॉल, कोमट पाणी, पेज, सूप आणि दिवसातून तीन-चार वेळा उठून बसणं, यावर ठेवा. सलग पडून राहिलं की कफ साठतो.

घरात ऑक्सिमीटर असेल तर वापरा, पण नीट. मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट घ्या, हात थंड असेल तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत पूर्ण मिनिटभर थांबा. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांचा आकडा मुळातच कमी असतो. त्यांचा बरा असतानाचा आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा.

आधीचं दुखणं असलेले

दम्याच्या रुग्णाचा दमा उसळण्याचं सगळ्यात मोठं कारण साधी सर्दी, म्हणजे मुख्यतः रायनोव्हायरस. तरीही आपल्याकडे बरं वाटलं की पंप बंद होतो, कारण 'पंपाची सवय लागते'. सवय लागत नाही. रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप बंद केल्याने श्वासनलिका आतून सुजलेल्या राहतात आणि पहिल्या सर्दीतच दम उसळतो. पावसाळ्याच्या तोंडावर मुलाचा पंप संपत आलाय का ते पाहा. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, असू शकतो आणि बऱ्याचदा त्याचं निदान झालेलंच नसतं. अशा आईला दर पावसाळ्यात 'छाती भरते', तर श्वासाची तपासणी करून घ्या.

मधुमेह असेल तर आजारपणात जेवण कमी होऊनही साखर वाढते. इन्सुलिन मनाने बंद करू नका, दिवसातून जास्त वेळा साखर मोजा आणि उलट्या होत असतील किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांना फोनवर विचारा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना ताप, खोकला आणि छातीत दुखणं एकत्र आलं, तर वाट पाहायची सोय नाही. साध्या विषाणूनेही त्यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तुंबू शकतात. केमोथेरपी चालू असलेल्याला, मूत्रपिंड बसवलेल्याला किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याला ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय. यांच्या अंगात विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवण्यात वाईटपणा घेऊ नका.

घरात एकाला झालं की बाकीच्यांना कसं वाचवायचं? खोली वेगळी देता येत नसेल, आणि बहुतेक घरांत येत नाही, तर निदान झोपण्याची जागा बदला. शिंकणारं पोर चार-पाच दिवस आजीच्या कुशीत झोपू नये. खिडक्या पावसातही थोड्या उघड्या ठेवा. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, कारण आरएसव्ही पाळण्याच्या दांड्यावर आणि खेळण्यांवर काही तास टिकतो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना बाळाचे पापे घेऊ देऊ नका. सर्दी असेल तर आत्यालाही नाही.

लशीची वेळ महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो आणि दुसरा छोटा भर हिवाळ्याच्या अखेरीस. लशीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे हे तिचे महिने. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. साठीच्या पुढचे, गरोदर, दमा, मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांचा पहिला हक्क. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांनाही ती दरवर्षी द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. बाळाची न्यूमोकॉकल लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चुकली असेल तर कार्ड घेऊन जा आणि विचारा.

यंदा मे महिना संपायच्या आत घरातल्या थोरामोठ्यांना लस द्या, मुलाचा पंप भरून ठेवा आणि बाळाच्या श्वासांचे आकडे, ६०, ५० आणि ४०, औषधाच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा. आणि बाळ धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील, आजोबा भानावर नसतील, तर ओळखीच्या गाडीवाल्याला शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात ऑक्सिजन असतो.